माणिकताईंचं जपान

माणिकताई परुळेकरांना जपानी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. "अरिगातो"च्या पलीकडे त्यांची गाडी कधी गेली नाही, आणि तेही देवळात उभ्या असल्यासारखं हात जोडून, डोळे मिटून म्हणायच्या. जपानी मला येतं. पुण्यात असताना नोकरी सांभाळून संध्याकाळच्या क्लासला जाऊन, तिन्ही लिप्या घोटून, परीक्षा देऊन मी ते शिकले आहे. मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापद कसं वाकवायचं, पाहुण्याशी कसं आणि दुकानदाराशी कसं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आता सांगा, जपानमध्ये लोक कुणाशी बोलायचे? माणिकताईंशी. आणि त्या काय बोलायच्या? मालवणी.

बर दुबई भागात मीना बाजारच्या मागच्या रस्त्यावर, साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. मालक नायर सर. दुबई-शारजातली भारतीय कुटुंबं आमची गिऱ्हाइकं. त्यातली बरीचशी मराठी. त्यांचं युरोप करून झालेलं असतं, सिंगापूर मुलांसाठी झालेलं असतं, आणि आता त्यांना "काहीतरी वेगळं" हवं असतं. ते वेगळं म्हणजे आमची जपानची टूर. उंच टॉवर आणि बुलेट ट्रेन सगळेच दाखवतात. आम्ही हाताने कागद बनवणारी गावं, लाखेची भांडी करणारी घरं आणि ऋतूंचे सण दाखवतो. कोणत्या गावात कोणता सण कोणत्या आठवड्यात, कुठला कारागीर पाहुण्यांना आत घेतो आणि कुठला घेत नाही, कुठे शाकाहारी जेवण मिळेल, हे सगळं मी शोधून काढलेलं. टूर लीडर मात्र माणिकताई. भाजी मी चिरायची, फोडणी त्यांनी द्यायची, आणि वास त्यांच्या नावाने बिल्डिंगभर सुटायचा.

मी टूरवर जायचे, नाही असं नाही. सर्वात मागे, दुभाषी म्हणून. कुणाची बॅग राहिली, कुणाची आजी मागे पडली, ते बघत. मला पुढे चालायचं होतं. विशेषतः मार्चची टूर, बाहुल्यांच्या सणाची, एकदा तरी माझी म्हणून व्हावी असं मला फार वाटायचं. दर वर्षी मी नायर सरांना विचारायचे आणि दर वर्षी ते त्यांच्या केरळी हिंदीत एकच उत्तर द्यायचे, "सुरेखाजी, पेपर पे आप नंबर वन. लेकिन कस्टमर को माणिक मॅडम चाहिए. खलास."

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागायचं. शारजात अल मजाजला राहणारे एक शेवडे पतीपत्नी पहिल्यांदा चौकशीला आले, तेव्हा माणिकताई जेवायला गेल्या होत्या. मी त्यांना लॅपटॉपवर सगळं दाखवलं. कागदाचा लगदा कुठल्या झाडाच्या सालीचा, थंड पाणीच का लागतं, बाहुल्यांच्या पायऱ्यांवर सर्वात वर कोण बसतं, खाली कोण. शेवडेकाकांनी मान डोलावून ऐकलं. काकू पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे हो. पण त्या माणिकताई येणार आहेत ना? आमच्या भिशीतल्या बायका म्हणाल्या, त्या असतील तरच जा." तेवढ्यात त्या जिना चढून आल्याच. बुटक्या, अंगाने भरलेल्या, सुती साडी आणि पायात स्पोर्ट शूज, हातात सुपरमार्केटची जाड पिशवी. त्यांनी शेवडेकाकूंना पाहिलं, पिशवीतून आंब्याच्या फोडींचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "खावा आधी. जपान खंय पळान जाता?" बुकिंग झालं.

त्या सावंतवाडीच्या. नवरा, अनंतराव, जबल अलीत एका कंपनीत स्टोअर्सला होते. त्यांच्या मागे त्या तरुणपणी इथे आल्या आणि मालवणी घेऊनच आल्या. गिऱ्हाइकांशी मधूनमधून जरा शहरी मराठी बोलत, बाकी साऱ्या जगाशी मालवणी. पठाण टॅक्सीवाला, रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी, सगळ्यांशी. व्हिसाच्या काउंटरवर एक करड्या चेहऱ्याचा साहेब बसायचा. मी अर्ज घेऊन गेले की दोन त्रुटी काढून परत पाठवायचा. माणिकताई जाऊन म्हणायच्या, "हबीबी, जेवलास मां? चेहरो सुकलो तो." आणि शिक्का घेऊन यायच्या. मी एकदा चिडून विचारलं की त्याला काय कळतं यातलं. "माणसाक आवाज कळता गो, शब्द मगे बघता," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. शब्दांवर आयुष्य घालवलेल्या बाईला ते ऐकून कसं वाटत असेल, याचा विचार त्यांनी केला नसावा.

दुसरं म्हणजे त्या धडधडीत चुकीची माहिती सांगायच्या. बाहुल्यांचा सण म्हणजे "त्यांची चैत्रगौर". पायऱ्या तशाच, वर देवी बसलेली तशीच, खाली फराळ तसाच. आता तिथे वर देवी नसते, राजा-राणी असतात, आणि सण देवीचा नसून घरातल्या मुलींचा. मी मागून हळूच दुरुस्त करायचे. सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघायच्या, "हो का" म्हणायच्या आणि पुन्हा पुढे वळायच्या. एका जुन्या घराच्या मालकिणीने आम्हाला आपल्या आजीच्या बाहुल्या दाखवल्या, तेव्हा माणिकताईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढून तिला हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, संपलं आता, ही बाई पुन्हा दार उघडायची नाही. पुढच्या वर्षी गेलो तर तिने दारातच कपाळ पुढे केलं. जुनं घर, आजीच्या बाहुल्या, मालकिणीचा स्वभाव, हे सगळं मी पत्रव्यवहार करून शोधून काढलेलं. कपाळ मात्र त्यांच्यापुढे.

फेब्रुवारीतला सुयांचा सण मी कधीच विसरणार नाही. वर्षभर शिवताना मोडलेल्या सुया बायका देवळात आणतात आणि टोफूच्या मोठ्या मऊ चौकोनात टोचून ठेवतात. इतके दिवस कडक कापडात राबलात, आता मऊ जागी विसावा घ्या, असा त्यातला भाव. हा सण टूरमध्ये मीच घातला होता. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात, शिंपी मशीनला हार घालतो, तेव्हा आपल्या लोकांना तो कळेल, असं मी नायर सरांना पटवलं होतं. बायकांना घरून एकेक मोडकी सुई आणायला सांगितली. शेवडेकाकूंनी आपल्या सासूबाईंच्या डब्यातली आणली होती. सगळ्यांनी रांगेत उभं राहून सुया टोचल्या, हात जोडले. दोघीतिघींचे डोळे पाणावले. माझेही पाणावले, कारण पहिल्यांदाच माझी एखादी गोष्ट अशी जमून आली होती.

तेवढ्यात शेवडेकाकूंनी पुजाऱ्यापुढे उजव्या हाताची ओंजळ धरली. डावा हात खाली, पदर सावरलेला, आपण धरतो तशी. टोफू त्यांना पनीरसारखा दिसत होता, देवापुढे होता, लोकांनी नमस्कार केला होता. मग तो नैवेद्यच, आणि नैवेद्य असेल तर प्रसाद मिळायला हवा. त्यांच्या मागे बाकीच्या बायकांनीही ओंजळी धरल्या. पुजारी त्या सुयांनी भरलेल्या टोफूकडे बघतोय आणि ओंजळींकडे बघतोय. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. बिचाऱ्याला वाटलं असावं, या बायका सुया गिळायला आल्या आहेत.

मी पुढे धावले आणि जमेल तितकं वाकून, जमेल तितक्या आदरार्थी क्रियापदांत क्षमा मागितली. आमच्या देशात अर्पण केलेलं अन्न वाटून खाण्याची रीत आहे, गैरसमज झाला, आम्ही फार लाजलो आहोत, वगैरे. एकही चूक नव्हती माझ्या बोलण्यात. पुजारी उलट वाकला आणि म्हणाला, "आपलं जपानी फार उत्तम आहे." बस, तेवढंच. वातावरण होतं तसं अवघडलेलंच राहिलं. मग माणिकताई पुढे आल्या. कोपऱ्यात टोफूच्या पाट्या सांभाळत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे गेल्या, खाली टेकल्या आणि म्हणाल्या, "काय करूचां गो बायांनो, आमच्या देवाकडे गेला की हातावर कायतरी पडूकच व्हया." हाताने ओंजळ दाखवली, तोंडाकडे नेली, पोट चोळलं. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की एकीने डोळे पुसले. मग तिने आतून न टोचलेला कोरा टोफू आणला, सुरीने तुकडे केले आणि प्रत्येकीच्या ओंजळीत एकेक ठेवला. माझ्यासुद्धा. तो अळणी होता, आणि ग्रूपमधली प्रत्येक बाई आजही दुबईत सांगते की असा प्रसाद आयुष्यात खाल्ला नाही.

पण माझा खरा जळफळाट झाला तो लाखेच्या गावात. उत्तरेकडच्या डोंगरातलं गाव, तिथला एक म्हातारा कारागीर. भांड्यांवर लाखेचे हात चढवायचा. त्याच्याकडे एक ओलसर, उबदार कपाट होतं. ती लाख कोरड्या हवेत नाही, दमट हवेत वाळते. ते कपाट तो कुणाला उघडून दाखवत नसे, धूळ जाते म्हणून. मी त्याला किती पत्रं लिहिली असतील. प्रत्यक्ष भेटीतही नम्रपणे विचारलं. त्याने त्याहून नम्रपणे नाही म्हटलं. माणिकताईंनी पर्समधून सावंतवाडीचं लाकडी केळं काढलं. आपल्याकडे रुखवतात ठेवतात तसलं, पिवळंधमक, लाखेने चकाकणारं. ते त्याच्या हातात ठेवून छातीवर हात ठेवला, "माझ्या बापाशीन केलेला." मग मला म्हणाल्या, "सांग तेका." मी सांगितलं. दुभाषीचं कामच ते. म्हाताऱ्याने केळं नाकाशी नेलं, नखाने हलकेच खरवडून बघितलं, बराच वेळ हातात फिरवलं आणि उठून कपाटाचं दार उघडलं. आत काळ्या वाट्यांच्या ओळी होत्या. माणिकताईंनी आत डोकं घातलं आणि विचारलं, "ह्यां सुकाक किती दिस लागतत ओ?" त्याने बोटांवर मोजून उत्तर दिलं. मला भाषांतर करायची वेळच आली नाही.

आता ऐका. आपली लाख किड्यांपासून मिळते, त्यांची झाडाच्या चिकापासून. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि माणिकताईंचे वडील सावंतवाडीच्या पोस्टात कारकून होते. हे मला अनंतरावांनी कधीतरी सहज बोलताना सांगितलं होतं. तसली केळी, आंबे, काजू त्या गावाहून डझनाने मागवायच्या आणि प्रत्येक गावात बापाने केलेलं एकेक फळ देऊन यायच्या. कागदवाल्याकडे आंबा, बाहुलीवाल्याकडे काजू. हॉटेलवर परतल्यावर मी त्यांना म्हटलं, "ताई, हे बरोबर नाही. तुमचे वडील पोस्टात होते." त्या पायांना तेल चोळत होत्या. "पोस्टातलो माणूस हातान काय करीत नाय असां कोणी सांगितलां तुका?" त्या म्हणाल्या. मग दुसरा पाय पुढे घेत, "तेका बरां वाटला मां? दार उघडल्यान मां? मगे?" खोटं बोलून एखाद्याला इतका आनंद देता येत असेल तर खरं बोलणाऱ्याने तोंड कुठे लपवायचं?

ऑफिसपुरतं असतं तर मी सोसलंही असतं. जुलैत जपानात ताऱ्यांचा सण असतो. बांबूच्या फांदीला रंगीत कागदाच्या पट्ट्या बांधतात, पट्टीवर मनातली इच्छा लिहितात. माणिकताईंनी तो आमच्या अल मजाजच्या बिल्डिंगमध्ये केला. बाहेर उकडून जीव जात होता, म्हणून खाली लॉबीत. बांबू कुठून आणणार? वॉचमनला सांगून छाटलेल्या खजुराची एक भलीमोठी झावळ आणवली आणि बादलीत उभी केली. मुलं तुटून पडली. आयफोन, पीएसफाइव्ह, होमवर्क बंद, सगळ्या इच्छा झावळीला लटकल्या. माझी मुलगी ईशाने काय लिहिलं ते मी वाकून वाचलं. जपानला जायचंय, माणिक आजीबरोबर, असं इंग्रजीत लिहिलं होतं.

मी म्हटलं, "अगं, मी पण जाते ना जपानला. माझ्याबरोबर नाही यायचं?"

"बट ममा, यू ओन्ली डू द लगेज," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी माणिकताईंना घरी चहालाही बोलावलं नाही. त्या आपल्या झावळ खांद्याला टेकवून मुलांचे फोटो काढून घेत बसल्या होत्या.

मग त्यांचा पाय सुजला. आधी त्यांनी लक्ष दिलं नाही, तेल चोळत राहिल्या. शेवटी अनंतरावांनी बळेच दवाखान्यात नेलं, तेव्हा पोटरीत रक्ताची गाठ निघाली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की लांबचं विमान आता बंद. दुबई-गोवा, तेवढं ठीक. जपान नाही. नायर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून मार्चची टूर दिली. मी चेहरा जितका गंभीर ठेवता येईल तितका ठेवला. बाहेर येऊन जिन्यात मात्र थोडी उभी राहिले, कारण हसू आवरत नव्हतं.

जाण्याआधी मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, ताई, काही सांगायचं असेल तर सांगा. "तुका सगळा येता. मी काय शिकवतलंय?" त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाची फाइल ओढून घेतली. मी लाखेच्या म्हाताऱ्याच्या मुलीचा नंबर मागितला. "माझ्याकडे नाय गो," म्हणाल्या. तो नंबर त्यांच्या फोनमध्ये होता. दिवाळीला तिचा फोटो आलेला त्यांनीच मला दाखवला होता. ड्रॉवरमध्ये लाकडी फळांची पिशवी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हा वाटलं, दुखण्याने वैतागल्या आहेत.

ती टूर चांगली झाली. कुणाचं काही हरवलं नाही, सगळी माहिती बरोबर सांगितली गेली. प्रत्येक दारात मात्र पहिला प्रश्न माणिकताईंबद्दलच. बाहुल्यांच्या घरची मालकीण माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत राहिली. लाखेच्या म्हाताऱ्याने कपाट उघडलं नाही. मी परत येईपर्यंत अनंतरावांची नोकरी संपून ते दोघे सावंतवाडीला निघून गेले होते. त्यानंतर आमची भेट नाही. मी फोन केला की अनंतराव उचलतात आणि ती बागेत आहे म्हणतात.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुबईच्या विमानतळावर, त्या टूरच्या सकाळी. यायची गरज नव्हती, तरी पायाला घट्ट मोजा चढवून टॅक्सी करून आल्या होत्या. ग्रूपमधल्या बायका त्यांच्याभोवतीच गोळा झाल्या. कुणाच्या हातात लाडू, कुणाच्या हातात आल्याच्या वड्या. शेवडेकाकू दुसऱ्यांदा येत होत्या. त्या रडायलाच लागल्या. माणिकताई सगळ्यांना चैत्रगौरीची माहिती सांगत होत्या, नेहमीसारखी चुकीची, आणि मी मधे बोलले नाही. मग मी म्हटलं, "चला, यल्ला, आत जायला हवं." पहिल्यांदाच सगळे माझ्या मागे चालू लागले.

त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी मालवणी सोडून बोलल्या नव्हत्या. आता शुद्ध, सावकाश, एखाद्या परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाल्या, "तिथे माझ्याबद्दल विचारतील. मी बरी आहे, एवढंच सांग. यायची नाही, असं सांगू नकोस."

मी हो म्हटलं. तसंच सांगितलंही, प्रत्येक दारात, उत्तम जपानीत.

पासपोर्टच्या रांगेपाशी पोहोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. कठड्याशी त्या उभ्या होत्या. सगळा ग्रूप त्यांना हात करत होता, आणि त्या ग्रूपकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, डोळे न हलवता, ओठ आवळून. काही बायकांना आपल्या मनातलं लपवता येतं. त्यांना त्या क्षणी येत नव्हतं. ती नजर मला कुणी समजावून सांगायला नको होती. त्यांच्या पाठीकडे बघताना आठ वर्षं तीच माझ्या डोळ्यांत होती. आपल्यावर कुणीतरी असं जळावं, आणि ते त्यांनीच, ही माझी किती दिवसांची हौस. मी त्यांना हात केला नाही. त्यांनीही नाही. रांग पुढे सरकली तसं मला वळावं लागलं, पण मी शक्य तितकं उशिरा वळले.